सगळ्यात म्हातारा पुढं

मंडळी, जरा पुढं सरका. दारात माणसं उभी आहेत, त्यांना आत येऊ द्या. भिंतीला टेकलेल्या पोरांनो, तुम्हीही खाली बसा. हे सांगायची मला सवय आहे. जन्मभर कंडक्टरकी केली, गच्च भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवला. आज मात्र आवाज फुटत नाही. गुरुजींनी मघाशी माझं नाव घेतलं तेव्हा वाटलं, नुसते हात जोडावेत आणि बसून राहावं. कुणी काही म्हणालं नसतं. मित्र गेलाय, म्हाताऱ्याला बोलवत नाही, असं तुम्ही समजून घेतलं असतं. मग त्या फोटोकडं बघितलं. हार घातलाय, उदबत्ती लावलीय, आणि हा तिथून माझ्याकडं असा बघतोय, जणू मीच कुठंतरी रेंगाळलोय आणि त्याचा खोळंबा झालाय.

तुम्ही सगळे आलात. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून, अंगावरची धूळसुद्धा न झटकता आलात. जामखेडकडची मंडळी आलीत. काष्टीहून दोघं आलेत. आयाबाया पाण्याची रांग सोडून आल्यात, आणि यंदाच्या साली रांग सोडणं म्हणजे काय ते मला सांगायला नको. नानाला हे बघायला हवं होतं. त्याला माणसं गोळा झालेली फार आवडायची. फक्त कुणी भाषण करू नये, एवढीच त्याची अट असायची. ती अट मी आज मोडतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. गणपतराव, म्हणजे आपले नाना, इथले मिरजगावचे शेतकरी. तुम्ही त्याला नाना म्हणता. मी त्याला गणपा म्हणायचो, तो मला शंकऱ्या म्हणायचा. आज चारचौघांत मीही नानाच म्हणतो. काल त्याचं तेरावं झालं. ह्या पुढच्या रांगेत त्याची बायको बसली आहे, आमच्या वहिनी. त्यांच्याशेजारी मुलगा वसंता. आणि ह्या बाजूला जे बसलेत, ते आमचं मंडळ. आम्ही डोंगरातल्या घळी आणि भुयारं हिंडणारी माणसं. गाव आम्हाला वटवाघळं म्हणतं. पहिल्यांदा राग यायचा. आता कुणी "वटवाघळं आली" म्हणालं नाही, तर चुकल्यासारखं वाटतं.

ही सभा संपली की इथंच मंडळाची बैठक आहे. त्या बैठकीत एक ठराव येणार आहे. साठी उलटलेल्या माणसाला यापुढं भुयारात न्यायचं नाही, असा तो ठराव. मांडणार आहे वसंता. नानाचाच मुलगा. गुरुजी आमचे चिटणीस आहेत, त्यांनी मला कालच कानावर घातलं, कारण नानाच्या मागं मंडळात सगळ्यात म्हातारा मीच उरलोय. बैठकीत मला बोलता येईल का, ठाऊक नाही. तिथं बाजू घ्यावी लागते, हात वर करावे लागतात. म्हणून जे आहे ते इथंच बोलतो. इथं नाना आहे.

वसंता, उठू नकोस. बस. तुला दुखेल असं काही बोलणार नाही. बोललो तरी बस.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. एका सायाळीनं सुरू केलं. आम्ही दोघं तेव्हा मिसरूड फुटलेले. नानाच्या रानात भुईमूग होता, आणि एक सायाळ रोज येऊन शेंगा उकरून जायची. नानानं राखण केली, फटाके वाजवले, काही उपयोग नाही. शेवटी तिचा माग काढत आम्ही जामखेडच्या वाटेवरच्या डोंगरात गेलो. काटे पडलेले दिसले, कपार दिसली, आणि हा शहाणा कंदील घेऊन आत घुसला. मी बाहेर. मी ओरडतोय, "आरं गणपा, ती काटे मारंल!" आतून आवाज येतो, "शंकऱ्या, ये की! लई मोठं हाय हे!" गेलो. सायाळ कुठं गेली तिचं तिलाच ठाऊक. भुईमूग तर गेलाच. पण त्या दिवसापासून आम्हा दोघांना डोंगर बाहेरून बघवेना.

लोक विचारायचे, आत काय सापडलं? हंडा? मोहरा? एकदा पोलीस पाटलांनी बोलावून घेतलं. गुप्तधनाचा संशय. नाना त्यांना म्हणाला, "पाटील, अंधार हाय. गार लागतं. पाकोळ्यांची घान हाय. तुमाला पायजे आसंल तर घिऊन येतो." पाटील हसले आणि सोडून दिलं. पुढं एका उन्हाळ्यात तेच पाटील आमच्याबरोबर आत आले, आणि बाहेर पडताना म्हणाले, बरं वाटलं. का बरं वाटलं ते त्यांना सांगता आलं नाही. मलाही आजवर सांगता आलेलं नाही.

आता एक गोष्ट, जी वसंताच्या वयाच्या लोकांना ठाऊक नसेल. आमच्यात एक रीत आहे. आत शिरताना सगळ्यात म्हातारा माणूस पुढं. त्याच्या मागं बाकीचे. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. तुम्हाला वाटत असेल, मान म्हणून. तसं नाही, मंडळी. नानाचा एक चुलता होता, सखाराम काका. त्यांना फार हौस. ते आमच्याबरोबर यायला लागले. आम्ही तरणे, पुढं पळायचो. ते मागून. एकदा ते मागं राहिले आणि त्यांचा कंदील विझला. आम्ही आपले पुढं, गप्पा मारत. परत आलो तेव्हा काका एका दगडाला पाठ लावून बसले होते. हाका मारून मारून आवाज बसला होता. कुठं खरचटलं नव्हतं, काही नव्हतं. पण घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर ते कधी आलेही नाहीत. "गुडघं दुखत्यात," म्हणायचे.

तेव्हा नाना म्हणाला, आजपासून म्हातारा पुढं. पुढच्याला मागं राहताच येत नाही. तो दमला की सगळे थांबतात. तो जिथं मावतो तिथं सगळे मावतात. आणि पाठीमागून माणसांचा आवाज येत असला की अंधार अंगावर येत नाही. एवढा सगळा विचार नानानं केला होता, आणि सांगितला फक्त एका वाक्यात: "म्हातारं म्होरं, बाकी मागनं."

पुढं नाना स्वतःच म्हातारा झाला. मग त्यानं त्या रीतीला एक शेपूट जोडलं. दमलो असं म्हणायची त्याला लाज. मग तो चालता चालता थांबायचा, बॅटरी एखाद्या दगडावर मारायचा आणि म्हणायचा, "ह्यो दगूड बघा." झालं. आम्ही सगळे बसायचो आणि दगड बघायचो. साधा दगड, मंडळी! कुणाच्याही बांधावर सापडेल असा. गुरुजी आपले चष्मा पुसून बघायचे. कुणी म्हणायचं, वा. कुणी म्हणायचं, ह्याच्यावर ही रेघ कशी आली असेल? आणि तोवर नानाचा श्वास जागेवर यायचा. मग तो म्हणायचा, "बघितला न्हवं? चला." नवी पोरं यायची, त्यांना कळायचं नाही. ती विचारायची, ह्या दगडात काय आहे? आम्ही म्हणायचो, पुढं कळेल.

शेवटी शेवटी तर आम्हाला फारच दगड बघावे लागायचे. हसा, हसा. त्याला हसलेलं चालायचं.

गेल्या दिवाळीपासून त्यानं अंथरूण धरलं. छाती भरायची, दम लागायचा. खाटेवरून उठणं बंद झालं. आणि आपण सगळे चांगली माणसं. आपण भेटायला जायचो. मोसंबी न्यायचो. ह्या दुष्काळात मोसंबी कुठून मिळवायचो ते आपल्यालाच ठाऊक. खाटेच्या कडेला बसायचो, हळू आवाजात बोलायचो. नाना, बरं वाटतंय का? नाना, विश्रांती घ्या. नाना, तुम्ही लई केलं, आता पडून राहा. असं म्हणून चपला घालून निघून जायचो. एक दिवस मी एकटाच होतो तेव्हा तो म्हणाला, "शंकऱ्या, समदी येत्यात. मोसंबी ठेवत्यात अन् जात्यात. एकजन बी म्हनत न्हाई, चल."

मी म्हटलं, कुठं जायचं तुला? तर म्हणाला, "सायाळीच्या भुयारात. दुसरं कुठं?"

मी वसंताला बाहेर बोलावून सांगितलं. वसंता, आठवतंय का? तू गोठ्याच्या दाराशी उभा होतास. बैल छावणीत गेलेले, गोठा रिकामा. तू रिकाम्या गव्हाणीकडं बघितलंस. मग म्हणालास, "काका, मला बी त्यो तेच म्हनतोय. मीच तुमाला इचारनार हुतो." हे तू म्हणालास. मी तुला भरीला घातलं नाही, तू मला घातलं नाहीस. आपल्या दोघांनाही त्यानं आधीच गाठलं होतं. डॉक्टरांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, विचारू नका. विचारलं तर नाही म्हणावं लागेल. आम्ही विचारलं नाही.

बैल नव्हते, म्हणून त्याला बाजेवर घालून खांद्यावरून नेलं. पुढच्या बाजूला वसंता आणि मी, मागं दोघं. डोंगराच्या पायथ्याला खडीचं काम चालू होतं. चौघांच्या खांद्यावर बाज बघून बायकांचे हात थांबले. पुरुषांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीनं हात जोडले. आणि हा बाजेवरून हात वर करून ओरडला, "आरं हाय मी! हाय अजून! कामं करा!" सगळं काम हसायला लागलं. त्या म्हातारीनं कपाळाला हात लावला. ती म्हातारी आज इथं आली आहे. ती बघा, तिकडं बसली आहे. बाई, त्या दिवशी तुम्ही हात जोडलेत ते त्याला आवडलं होतं. वाटभर तेच सांगत होता.

कपारीशी बाज उतरवली. गुडघ्यांना गोणपाट बांधलं. मी म्हटलं, नाना, आज तू मधे राहा, मी पुढं होतो, वाट बघून देतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. एवढंच. मी बाजूला झालो. तो पुढं, त्याच्या मागं वसंता, मग मी, मग गुरुजी आणि बाकीचे.

आत थोडं गेलं की एक जागा लागते, तिला आम्ही नळी म्हणतो. पोटावर सरपटत जावं लागतं. डोकं उचलता येत नाही. वळता येत नाही. नळी संपली की पुढं मोठी जागा आहे, तिला ओसरी म्हणतो. तिथं दहा माणसं मांडी घालून बसतील. वळायचं असेल तर ओसरीत जाऊनच वळता येतं. त्या नळीत नाना अडकला. अडकला म्हणजे जागेत मावत होता, पण अंगात जोर उरला नाही. श्वासाचा आवाज नळीभर घुमत होता. भात्यासारखा. आम्ही सगळे मागं ओळीनं पोटावर पडलेलो. मग पुढून आवाज आला, "ह्यो दगूड बघा."

मंडळी, तिथं दगड दिसत नव्हता. पुढच्या माणसाशिवाय तिथं कुणालाच काही दिसत नव्हतं. तरी मागून गुरुजी म्हणाले, "वा नाना, छान आहे." मला तिथं रडू फुटलं. तोंडात माती गेली.

वसंताच्या तोंडासमोर त्याच्या बापाचे तळपाय होते. भेगाळलेले. चार महिने जमिनीला न लागलेले. वसंता म्हणाला, "नाना, मागं सरू." आणि नाना म्हणाला, "मागं कसा सरू? म्होरं गेल्याबिगर वळाय येत न्हाई. हात लाव."

हात लाव, म्हणाला. ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांना सांगतो. नळीत पुढच्याला रेटा मिळत नाही, पाय घसरतात. मग मागच्यानं आपले तळहात त्याच्या तळपायांना लावायचे आणि कोपर जमिनीला रोवून घट्ट धरायचे. भिंतीसारखे. मग पुढचा त्या हातांवर पाय रोवतो आणि स्वतः पुढं सरकतो. मागच्यानं ढकलायचं नसतं. ढकललं तर पुढच्याचं तोंड दगडावर आपटतं. हे आम्ही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो.

वसंता, तेरा दिवस तू एकच वाक्य बोलतोयस. माझ्याजवळ बोललास, आईजवळ बोललास, गुरुजींजवळ बोललास. "मी ढकललं. मी माझ्या बापाला ढकलत नेलं अन् मारलं." तुझ्या ह्या ठरावाच्या पोटात हेच वाक्य आहे. दुसरं काही नाही.

मी तुझ्या मागं होतो. माझी बॅटरी तुझ्या कुशीवरून तुझ्या कोपरांवर होती. तू ढकललं नाहीस. तुझी कोपरं जागची हलली नाहीत. रक्त आलं होतं कोपरांना, ते नंतर वहिनींनी धुतलं. तू हात घट्ट धरलेस. जोर त्यानं लावला. त्यानं स्वतः लावला, वसंता. चार महिने खाटेवर कूस बदलायला ज्याला माणूस लागायचा, त्यानं तुझ्या हातांवर पाय रोवले आणि अंगभर सरकला. परत हात लाव म्हणाला. परत सरकला. मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस, स्वतःचंसुद्धा ऐकू नकोस. तिथं तुझ्या मागं मी होतो.

रड. रडू द्या त्याला. वहिनी, त्याला पाणी नका देऊ आत्ताच, रडू द्या.

ओसरीत पोचलो. बराच वेळ तो भिंतीला टेकून बसला. आम्हा सगळ्यांचे जीव टांगणीला. मग हळूहळू त्याचं सुरू झालं. अमक्याच्या पोरीचं लग्न ठरलं का? छावणीत आपली बैलं चारा खातात का? गुरुजी, तुमचं धोतर कुठं फाटलं ते बघा आधी. चार महिने खाटेवर जो माणूस "हं" आणि "न्हाई" याच्यापलीकडं फारसं बोलत नव्हता, तो तिथं सगळ्या गावाची चौकशी करत बसला होता. मला म्हणाला, "शंकऱ्या, म्होरल्या बारीला तू म्होरं." मी म्हटलं, गप, तू आहेस की. तर म्हणाला, "मी हाय तवर मीच. पन ध्यानात ठेव."

परत येताना त्यानं जो दगड बघायला सांगितला, तो खरोखरच बघण्यासारखा होता की तो दमला होता, ते मला कळलं नाही. आम्ही बघितला.

त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं. वहिनी, सांगू का? सांगतो. त्यांनी पाणी तापवून त्याचं अंग पुसलं. मग तो म्हणाला, भाकरी आहे का? वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, दिवाळीपास्नं मी ह्यांच्या तोंडात घास घालतीया. त्या दिशी मागून खाल्ली. पिठलं बी मागितलं. मी चुलीम्होरं बसून रडत हुते अन् हे म्हनत्यात, अजून वाढ."

त्यानंतर पंधरवडाही गेला नाही. ताप चढला, छाती भरली, आणि एका पहाटे तो गेला.

आता मी खोटं बोलणार नाही. कुणी म्हणेल, भुयारातल्या गारठ्यानं गेला. असेल. मी नाही म्हणत नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, मला वाटतं त्याचे महिना दोन महिने कमी झाले असतील. ते आपल्यामुळं झाले असतील. हे ओझं आहे आणि ते आपण वाटून घेऊ. एकट्या वसंताच्या डोक्यावर ते द्यायचं नाही. पण ते दोन महिने तो काय करणार होता? खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडणार होता आणि आपली मोसंबी मोजणार होता. तुम्ही त्याचा चेहरा बघितला नाही. मी बघितलाय, खाटेवरचाही आणि ओसरीतलाही.

ठरावात आणखी एक गोष्ट आहे. ती चांगल्या मनानं घातलीय, म्हणून मला राग येत नाही. आलाय थोडा. ठराव म्हणतो, साठी उलटलेल्यांना आत न्यायचं नाही, पण त्यांचा मान ठेवायचा. कपारीशी खुर्ची ठेवायची. चहा द्यायचा. दरवर्षी एकाचा सत्कार, शाल आणि नारळ.

गुरुजी, पहिला सत्कार माझा असेल, नाही का? दुसरा कोण आहे? ह्या उन्हाळ्यात मी शाल पांघरून त्या कपारीशी खुर्चीत बसेन. तुम्ही सगळे मला वाकून नमस्कार कराल आणि आत जाल. तुमचे आवाज आधी मोठे येतील, मग लहान होतील, मग बंद होतील. मी बाहेर. चहा गार होईल. सखाराम काका आत एकटे राहिले होते, मी बाहेर एकटा राहीन. फरक काय झाला? तुम्ही म्हणाल, तुमच्या काळजीपोटी करतोय. काकांचीही काळजी होतीच आम्हाला. परत गेलोच होतो की आम्ही.

मला नारळ नको, पोरांनो. माझे गुडघे वाजतात, उजव्या डोळ्याला धूसर दिसतं, रात्री खोकला येतो. ह्या सगळ्याची मला भीती वाटते. खरंच वाटते. नानासारखा मी नाही, मी भित्रा माणूस आहे. सायाळीच्या दिवशी बाहेर थांबलो होतो तो मीच. मला एवढंच पाहिजे की माझ्या तळपायांना कुणीतरी तळहात लावावेत. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय लागतं? त्याला उचलून नेऊ नका. त्याला ओढू नका. ढकलू तर नकाच. हात लावा आणि घट्ट धरा. तो जाईल तेवढा जाईल. नाही गेला तर सगळे मिळून दगड बघू.

ठराव मागं घे, असं मी वसंताला म्हणणार नाही. तो त्याचा हक्क आहे. ज्याचा बाप गेला त्यानं काय मांडावं हे मी कोण सांगणार? मी फक्त माझं सांगतो. पाऊस पडला, कामं सुटली, बैल घरी आले, की मी सायाळीच्या भुयारात जाणार आहे. ठराव झाला तरी जाणार आहे. रीतीप्रमाणं मी पुढं असेन. माझ्या मागं वसंता असावा, अशी माझी इच्छा आहे. का, ते सांगतो. कोपरं न हलवता हात धरणारा माणूस मी इतक्या वर्षांत एकच बघितलाय. आज उत्तर देऊ नकोस, पोरा. बैठकीतही देऊ नकोस. त्या दिवशी सकाळी कपारीशी आलास तर मला कळेल. नाही आलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. थोडा रागावेन.

नाना, गणपा, तुझं माझं बोलणं चारचौघांत करण्यासारखं नव्हतंच कधी. तू गेलास. मला फार एकटं वाटतंय. दुसरं काही मला सुचत नाही. इथं एवढी माणसं आहेत आणि मी तुझी जागा शोधतोय.

झालं माझं बोलणं. आता आपण त्याच्यासाठी थोडा वेळ उभं राहू. थांबा, थांबा, लगेच उठू नका. पोरांनो, खाली बसा. वहिनींना जमिनीवरून उठायला वेळ लागतो. त्या उठेपर्यंत कुणी उठायचं नाही.

वहिनी, सावकाश. घाई नाही कुणाला. वसंता, आईला ओढू नकोस. तिच्या पाठीमागं हो, हात लाव आणि नुसता धरून राहा. जोर त्या लावतील.

हां. असंच.

आता सगळे उठा.